न्यूयॉर्क ते पॅरिस : साडेतेहतीस तास

आमच्या होस्टेलवर कुणालाही गाव किती लांब म्हणून विचारा, किलोमीटर कुणीच सांगणार नाही. कुणी म्हणेल रात्रभराची एस.टी., कुणी म्हणेल पॅसेंजरने सात तास, कुणी म्हणेल घाट मोकळा असेल तर चार. म्हणजे अंतर असते रस्त्यावर, पण आपण ते मोजतो घड्याळात. दोन शहरांमधले किलोमीटर काही कमी होत नाहीत, तास मात्र कमी होत जातात. ते कमी करणारी माणसे कोण असतात, कशी असतात, याचे मला पहिल्यापासून कुतूहल आहे. म्हणून या अंकासाठी मी निवडला चार्ल्स लिंडबर्ग.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्याच्यावर एकच ओळ असते. अटलांटिक महासागर एकट्याने, कुठेही न थांबता विमानाने ओलांडणारा पहिला माणूस, साल 1927. एक मार्काचा प्रश्न, विषय संपला! पण मंडळी, हा गडी आपल्याच जातकुळीतला आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेला, आणि दुसऱ्या वर्षालाच कॉलेजच्या बाहेर पडलेला. त्यामुळे त्याची गोष्ट एका ओळीत गुंडाळणे मला काही पटेना.

लिंडबर्गचा जन्म 4 फेब्रुवारी 1902 चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात. लहानपण गेले मिनेसोटा राज्यातल्या लिटल फॉल्स या गावी, मिसिसिपी नदीच्या काठी, शेतावर. वडील वकील होते आणि पुढे दहा वर्षे अमेरिकन संसदेत होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये असे त्यांचे मत होते आणि त्याची राजकीय किंमत त्यांनी मोजली. आई रसायनशास्त्र शिकवायची. आईवडील वेगळे राहत, त्यामुळे पोराच्या शाळा सारख्या बदलत गेल्या. पुस्तकात त्याचे मन कधी रमलेच नाही. रमायचे ते मोटारीत, मोटरसायकलीत आणि शेतावरच्या यंत्रांत.

विस्कॉन्सिन विद्यापीठात मेकॅनिकलला नाव घातले खरे, पण मार्कांची बोंब होती. शेवटी 1922 साली त्याने कॉलेज सोडले आणि नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात विमान शिकायला गेला. वाचणाऱ्या ज्युनिअर मंडळींनी लगेच बॅगा भरायला घेऊ नयेत! कारण पुढे 1924 साली हाच मुलगा सैन्याच्या विमानदलाच्या शाळेत दाखल झाला, तिथे रात्र रात्र जागून अभ्यास केला आणि 1925 साली आपल्या तुकडीत पहिला आला. त्याने अभ्यास सोडला नव्हता, अभ्यासाला कारण मिळायची वाट पाहिली होती, असे मी म्हणेन.

मधल्या काळात त्याने 500 डॉलरला एक जुने लष्करी विमान घेतले आणि जत्रेतल्यासारखे गावोगाव फिरून लोकांना हवाई फेऱ्या मारून आणल्या. 1926 पासून तो सेंट लुइस ते शिकागो या मार्गावर टपाल घेऊन विमान उडवू लागला. धुके, बर्फ, रात्र, आणि खाली नीट दिवेही नाहीत. आयुष्यात चार वेळा त्याला पॅराशूट बांधून विमानातून उडी मारावी लागली, त्यातल्या दोन या टपालाच्या नोकरीत. अशाच टपालाच्या फेऱ्यांत त्याच्या डोक्यात न्यूयॉर्क-पॅरिसचा किडा शिरला.

आता थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कमधले हॉटेलमालक रेमंड ऑर्टिग यांनी 1919 साली बक्षीस जाहीर केले होते. न्यूयॉर्क आणि पॅरिस यांच्यात, कोणत्याही दिशेने, न थांबता जो विमान नेईल त्याला 25,000 डॉलर. त्याच वर्षी अल्कॉक आणि ब्राऊन ही जोडी न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला उडत गेली होती. म्हणजे समुद्र ओलांडून झाला होता. पण ते दोन किनारे होते, दोन शहरे नव्हती. न्यूयॉर्क-पॅरिस हे अंतर त्याच्या जवळजवळ दुप्पट. जलद बोटीलाही हा समुद्र ओलांडायला पाच-सहा दिवस लागत.

प्रयत्न करणारे लहानसहान नव्हते. 1926 च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सचा नामवंत युद्धवैमानिक रेने फाँक तीन इंजिनांचे मोठे विमान घेऊन निघाला. वजनामुळे ते धावपट्टीवरून उठलेच नाही, पेटले आणि आतले दोघे जळून गेले. 1927 च्या एप्रिलमध्ये डेव्हिस आणि वूस्टर हे अमेरिकन नौदलाचे वैमानिक चाचणीतच गेले. 8 मे 1927 ला नंजेसर आणि कोली पॅरिसहून निघाले, आणि त्यांचा पत्ता पुन्हा कधीच लागला नाही.

सगळ्यांचा विचार एकच होता. लांबचा पल्ला आहे, तर विमान मोठे हवे, इंजिने जास्त हवीत, सोबतीला माणसे हवीत. लिंडबर्गने हिशोब उलटा मांडला. तीन इंजिने म्हणजे बिघाडाच्या तीन जागा, आणि पेट्रोलही त्या मानाने जास्त. दुसरा वैमानिक म्हणजे तेवढ्या वजनाचे पेट्रोल कमी. म्हणून एक इंजिन, एक माणूस आणि बाकी सगळे पेट्रोल!

स्वतःची शिल्लक 2,000 डॉलर होती. सेंट लुइसमधल्या काही व्यापाऱ्यांनी पाठबळ दिले, म्हणून विमानाचे नाव स्पिरिट ऑफ सेंट लुइस. मोठ्या कंपन्यांनी या पंचवीस वर्षांच्या पोराला दाद दिली नाही, पण सॅन डिएगोच्या रायन या छोट्या कंपनीने काम घेतले. डोनाल्ड हॉल नावाच्या इंजिनिअरने डिझाइन केले आणि साधारण 60 दिवसांत विमान तयार झाले. खर्च इंजिनासकट 10,580 डॉलर.

सुरुवातीलाच हॉलने विचारले की नक्की अंतर किती? कुणालाच माहीत नव्हते. मग दोघे गेले सॅन डिएगोच्या सार्वजनिक वाचनालयात. तिथल्या पृथ्वीगोलावर न्यूयॉर्क ते पॅरिस दोरा ताणून धरला आणि मोजला. 3,600 मैल, म्हणजे सुमारे 5,800 किलोमीटर! त्या दोऱ्याच्या लांबीवर पेट्रोलची टाकी किती मोठी हे ठरले, आणि टाकीवरून पंख किती लांब हे ठरले. डिझाइनच्या पेपरात आपण ज्याला गिव्हन डेटा म्हणतो, तो या माणसाने असा दोऱ्याने मिळवला.

पण गोलावरच का? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली असती तर? मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. नकाशावरच्या सरळ रेषेने, म्हणजे होकायंत्राची दिशा कायम ठेवून गेलो, तर हे अंतर सुमारे 6,070 किलोमीटर येते. गोलावर ताणलेल्या दोऱ्याच्या मार्गाने, ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात, ते सुमारे 5,830 येते. फरक जवळपास 240 किलोमीटरचा. लिंडबर्गच्या वेगाने तो जवळजवळ दीड तास झाला. पेट्रोल मोजून नेलेले असताना दीड तास म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मात्र हा जवळचा मार्ग फुकट मिळत नाही. त्यात दिशा सतत बदलते. न्यूयॉर्कहून निघताना तोंड ईशान्येला असते आणि पॅरिसला पोहोचेपर्यंत ते पूर्वेच्याही थोडे दक्षिणेला वळलेले असते. एकट्या माणसाने विमान उडवता उडवता हे जमवायचे कसे? लिंडबर्गने तो वळणदार मार्ग नकाशावर शंभर-शंभर मैलांच्या सरळ तुकड्यांत कापला. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. म्हणजे साधारण दर तासाला एकदा, होकायंत्रावर ठरवून ठेवलेली नवी दिशा लावायची, बस्स! छत्तीस तुकडे, छत्तीस कामे. सर वर्गात सांगतात ना, वक्र रेषा छोट्या सरळ रेषांत मोडा म्हणून, ते हेच.

विमानाचे वर्णन ऐकाल तर हसाल. राइट कंपनीचे नऊ सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे, 223 अश्वशक्तीचे इंजिन. सुमारे 1,700 लिटर पेट्रोल. त्या पेट्रोलचे वजन रिकाम्या विमानापेक्षाही जास्त! मुख्य टाकी बरोबर वैमानिकाच्या समोर, कारण अपघात झाला तर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये तो चिरडू नये. पण त्यामुळे समोरची काचच गेली. समोर पाहायचे तर बाजूच्या खिडकीतून मान काढायची किंवा छोट्या पेरिस्कोपमधून बघायचे. रेडिओ नाही, पॅराशूट नाही, खुर्ची वेताची. नकाशाच्या कडासुद्धा त्याने कापून टाकल्या. सबमिशनच्या फायलीचे वजन वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरूर वाचावे.

20 मे 1927. आदल्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पावसाने रूझवेल्ट फील्डचे मैदान चिखल झालेले. सकाळी 7 वाजून 52 मिनिटांनी ते पेट्रोलने तुडुंब विमान धावू लागले, उसळले, पुन्हा टेकले, आणि टोकाच्या टेलिफोनच्या तारांवरून जेमतेम पार झाले. जेवायला पाच सँडविच.

पहिले अकरा-बारा तास किनाऱ्याच्या सोबतीचे होते. न्यूफाउंडलंडनंतर मात्र खाली नुसता समुद्र आणि वर रात्र. ढगात शिरले की पंखांवर बर्फ जमे, वजन वाढे, म्हणून वळसे घ्यावे लागले. कधी धुक्यामुळे अगदी लाटांना टेकेल इतके खाली यावे लागले. पण खरा शत्रू वादळ नव्हते, खरा शत्रू झोप होती. डोळे उघडे असूनही मेंदू झोपत होता, विमानात कुणी माणसे उभी आहेत असे भास होत होते. इथे एक गंमत सांगतो. हे विमान फारसे स्थिर नव्हते. पंख मोठे केले, पण वेळ वाचवायला शेपूट जुन्या मापाचीच ठेवली होती. त्यामुळे हात ढिला पडला की विमान लगेच वाकडे जायचे आणि त्या धक्क्याने तो जागा व्हायचा. डिझाइनमधला दोष असा कामी आला!

सत्तावीस तासांनंतर खाली मासेमारीच्या होड्या दिसल्या. इंजिन मंद करून त्याने ओरडून आयर्लंडची दिशा विचारली, कुणी उत्तर दिले नाही. थोड्याच वेळात हिरवा किनारा दिसला. नकाशाशी ताडून पाहिले तर आयर्लंडचे डिंगल बे. दोऱ्याने मोजलेल्या मार्गापासून चूक किती? सुमारे तीन मैल. आणि वेळ? ठरवलेल्या वेळेच्याही दोन तासांहून अधिक आधी, कारण पाठीमागून वारा होता. रात्रभर अर्धवट झोपेत उडून, केवळ होकायंत्र, घड्याळ आणि आधी केलेल्या हिशोबाच्या जोरावर! मला विचाराल तर संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत मोठा क्षण. पॅरिस तर पुढे आपोआप आले.

21 मेच्या रात्री, पॅरिसच्या घड्याळात 10 वाजून 22 मिनिटांनी, ल बुर्जेच्या विमानतळावर त्याने चाके टेकवली. घड्याळांची नुसती वजाबाकी केली तर साडेअडतीस तास येतात. पण दोन्ही शहरांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक होता. तो काढला की साडेतेहतीस. सरासरी वेग ताशी सुमारे 173 किलोमीटर. टाकीत अजून 320 लिटरच्या आसपास पेट्रोल शिल्लक होते. लाखाहून अधिक लोक धावपट्टीवर घुसले. आणि परत कसा आला माहीत आहे? अमेरिकेने त्याला आणायला युद्धनौका पाठवली. जाताना साडेतेहतीस तास, येताना एक आठवडा!

उलट दिशेने हे अंतर न थांबता तोडायला आणखी तीन वर्षे जावी लागली. 1930 च्या सप्टेंबरमध्ये कोस्त आणि बेलोंत या फ्रेंच जोडीने पॅरिस ते न्यूयॉर्क 37 तास 18 मिनिटांत पार केले. समोरून वारा घेऊन जायचे होते ना! आजही जेट विमानाला न्यूयॉर्कहून पॅरिसला सात-साडेसात तास लागतात आणि परत येताना आठच्या वर लागतात, ते याच पश्चिमेच्या वाऱ्यांमुळे. मधल्या काळात काँकॉर्डने हे अंतर साडेतीन तासांवर आणले होते, पण 2003 साली ते विमान सेवेतून गेले. म्हणजे तास नेहमी कमीच होतात असेही नाही.

इथेच थांबलो असतो तर लेख छान गोड झाला असता. पण लिंडबर्ग तेव्हा फक्त पंचवीस वर्षांचा होता आणि पुढे आणखी सत्तेचाळीस वर्षे जगला. ती टाळून त्याचे चरित्र लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आधी चांगले सांगतो. त्याच वर्षी त्याने अमेरिकेच्या तेव्हाच्या सर्व 48 राज्यांत विमान नेले, त्याने लोकांचा हवाई प्रवासावर विश्वास बसला. रॉबर्ट गोडार्ड या रॉकेट शास्त्रज्ञाला लोक हसत होते, तेव्हा त्याला पैसे मिळवून देण्यात लिंडबर्गचा हात होता. 1929 साली अ‍ॅन मॉरो हिच्याशी लग्न झाले. तीही उडायला शिकली आणि दोघांनी दूरदूरचे हवाई मार्ग धुंडाळले. 1937 साली ही जोडी स्वतःच्या छोट्या विमानातून आपल्या भारतातही येऊन गेली. अलेक्सिस कॅरेल या नोबेल विजेत्या सर्जनबरोबर त्याने शरीराबाहेर अवयव जिवंत ठेवणारा काचेचा पंप बनवला. कॉलेज सोडलेल्या मेकॅनिकलवाल्याने!

मग दुःख. 1 मार्च 1932 च्या रात्री त्यांचे वीस महिन्यांचे बाळ घरातून पळवले गेले. 50,000 डॉलर खंडणी दिली, पण मे महिन्यात बाळाचे प्रेतच सापडले. खटल्याचा इतका तमाशा झाला की 1935 च्या अखेरीस दोघे देश सोडून युरोपात राहायला गेले.

आणि तिथे तो भरकटला. 1936 पासून हिटलरच्या जर्मनीत त्याच्या वाऱ्या झाल्या. यजमानांनी कारखाने दाखवले, विमाने दाखवली. जे दाखवले ते पाहून त्याने जर्मन विमानदलाची ताकद होती त्याहून मोठी मानली. 1938 साली गोअरिंगच्या हातून त्याने पदक घेतले, आणि ज्यूंवर उघड हल्ले झाल्यावरही ते परत केले नाही. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचा पगडा त्याच्यावर होताच. अमेरिकेत परतून तो युद्धविरोधी सभा गाजवू लागला. 11 सप्टेंबर 1941 ला डे मॉइन शहरातल्या भाषणात त्याने देशाला युद्धात ढकलणाऱ्यांमध्ये ज्यूंचे नाव घेतले. देशभर संताप उसळला. कालच्या नायकाचे नाव लोकांनी टाकून दिले.

मला राहून राहून आश्चर्य वाटते ते याचे. अंतरासाठी त्याने कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, स्वतः दोरा ताणून मोजले होते. जर्मनीत मात्र समोरच्याने दाखवलेला आकडा त्याने तसाच वहीत उतरवून घेतला. विमानाच्या बाबतीत तो एकेक ग्रॅम तपासायचा, माणसांच्या बाबतीत मात्र ऐकीव पूर्वग्रहही त्याला चालले. एका विषयात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून बाकीचे विषय आपोआप सुटत नाहीत. आणि लोकही असे, की विमान उडवणाऱ्याला राजकारण विचारत होते आणि त्याचे उत्तर खरे मानत होते.

अमेरिका युद्धात उतरल्यावर त्याला लष्करी हुद्दा परत मिळाला नाही. 1944 साली तो नागरिक तंत्रज्ञ म्हणून पॅसिफिकच्या आघाडीवर गेला आणि सुमारे पन्नास लढाऊ उड्डाणेही केली. तिथल्या तरुण वैमानिकांना त्याने शिकवले काय, तर पेट्रोल वाचवणे. इंजिनाचे फेरे कमी ठेवा, दाब वाढवा, मिश्रण पातळ ठेवा. तेवढ्याने पी-38 विमानांचा पल्ला शेकडो किलोमीटरने वाढला. म्हणजे 1927 ची विद्या त्याने तिथेही वापरली.

उड्डाणावरच्या त्याच्या पुस्तकाला 1954 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. डिसेंबर 1968 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 8 च्या अंतराळवीरांना तो उड्डाणाच्या आदल्या दिवशी भेटला. तिथेही कागद-पेन्सिलीचा हिशोब केलाच! त्यांचे रॉकेट पहिल्या सेकंदात जेवढे इंधन जाळणार होते, ते त्याने पॅरिसपर्यंत जाळलेल्या इंधनाच्या दहापट भरले. उतारवयात तो वन्यजीव वाचवण्याच्या कामात पडला आणि ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानांना त्याने विरोध केला. तास कमी करणारा माणूस शेवटी विचारू लागला की ते किती किमतीला कमी करायचे!

26 ऑगस्ट 1974 ला हवाई बेटांतल्या माउई बेटावर कर्करोगाने तो गेला, वय 72. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दिवस मोजके उरले हे कळल्यावर त्याने स्वतःच विमानाने तिथे नेण्यास सांगितले होते. मृत्यूनंतरही एक गोष्ट बाहेर आली. जर्मनीत त्याला आणखी तीन मुले होती, हे 2003 साली डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

असा हा माणूस. त्याचे पोस्टर खोलीच्या भिंतीवर लावायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी लावणार नाही. पण त्याचा दोरा मात्र माझ्याजवळ ठेवणार आहे. लायब्ररीत एखादा पृथ्वीगोल असतोच. कधी वेळ मिळाला तर दोऱ्याचा एक तुकडा घेऊन जा, मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये ताणून धरा, आणि तो कुठल्या कुठल्या देशांवरून जातो ते बघा. भिंतीवरच्या नकाशावरून आपण जी वाट गृहीत धरलेली असते, तिच्यापेक्षा ती फारच वेगळी निघते.